संमतीपत्र

शनिवारी साडेचारला मी नाना पेठेतलं
स्पेअर पार्ट्सचं दुकान भावाच्या गळ्यात टाकतो,
हातांचं ग्रीस भुश्यानं काढतो
आणि पोट आत ओढून
गणवेशाच्या पँटचं बटण लावतो.
स्कार्फ मात्र खिशातच.
तो गळ्यात पडतो दत्तवाडीला, शाळेच्या फाटकाशी,
कारण आमच्या आळीतले विचारतात,
“काय शिळीमकर, अजून शाळेतच का?”

खरं तर मी लेकाला सोडायला आलो होतो.
निमिष तेव्हा सहावीत.
जुने स्काउटमास्तर म्हणाले,
थांबलाच आहात तर जरा ही दोरी धरा.
धरली.
निमिष नववीत क्लासला गेला.
दोरी अजून माझ्याच हातात आहे.

उजवा डाव्यावर, मग डावा उजव्यावर.
किती वेळा सांगितलं असेल.
बिबट्या संघाची गाठ तरी उलटीच बसते,
ओढली की आवळते, सुटता सुटत नाही.
प्रज्योत ती दातांनी सोडवतो
आणि माझ्याकडे बघत सुताचा धागा थुंकतो.

जानेवारीत पानशेतकडे शिबिर.
त्याआधी संमतीपत्रं : सही, रक्तगट, फोन.
‘विशेष सूचना’ ह्या रकान्यात
बहुतेकांची आडवी रेघ.
एकानं लिहिलेलं, शेंगदाणे चालत नाहीत.
एकानं, झोपेत चालतो, पण लांब जात नाही.
आणि सुमेधच्या आईनं, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात :
अंधाराला घाबरतो.
मी लिहिलंय हे त्याला कळू देऊ नका.

तो कागद फाइलला लावला नाही.
चार घड्या घालून शिट्टीच्या खिशात ठेवला.

शेकोटी विझवली. राखेवर पाणी, पुन्हा पाणी,
मग तळहात ठेवून बघायचं, खरंच गार झाली का.
पोरं तंबूंत शिरली. कुजबुज, खुसखुस,
कुणाच्या तरी चिवड्याची पिशवी,
मग तीही थांबली.
तिसऱ्या तंबूची कनात आतून हलत होती.

“सुमेध, पहाऱ्याला सोबत हवीय रे.
माझी टॉर्च धड चालत नाही.”

टॉर्च परवाच घेतलेली, तुळशीबागेतून.
स्काउट विश्वासपात्र असतो,
हा पहिलाच नियम, मीच पाठ करून घेतलेला.

धरणावरून वारा येत होता.
दोघांनी एकच घोंगडी घेतली. तंबू मोजले. सात.
थोड्या वेळानं परत मोजले.
सातच.

“सर, तुम्हाला ह्याचे पैसे मिळतात?”
“छे. नारळ आणि मीठसुद्धा माझ्याच खिशातलं.”
“मग?”

मला पुढचं काही सुचेना.
त्यानंही फार वाट पाहिली नाही.
गुडघ्यावर हनुवटी टेकवून
बराच वेळ तो समोर बघत राहिला,
जिथे पाणी असणार होतं
आणि दिसत नव्हतं.

“टॉर्च चालतीय तुमची, सर.
मघाशी खिशात लागली होती.”

आम्ही दोघंही गप्प बसलो.
मग मी ती काढून त्याच्याकडे दिली.
त्यानं लावली नाही. नुसती धरली.

रविवारी संध्याकाळी शाळेसमोर स्कूटरींची रांग.
सुमेधची आई लांबूनच नजरेनं विचारत होती,
मी लांबूनच मान हलवली.
पोरगं तिच्या मागे बसलं, तोंडभर धूळ,
आणि जाताना मला डावा हात केला,
हस्तांदोलनाचा, हवेतच.

बायकोनं गणवेश तसाच मशिनमध्ये टाकला.
कागदाचा लगदा झाला होता,
पण उकलला तर एका तुकड्यावर ‘कळू देऊ’
एवढं अजून वाचता येत होतं.
शाई असती तर गेली असती.

रात्री दीडला निमिषच्या दाराखाली उजेडाची पट्टी.
मी दार लोटलं. फिजिक्सवर डोकं ठेवून
तो जागाच होता.
“काय बाबा?”
“काही नाही. मोजतोय.”