टाच

महाप्याच्या चौथ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात,
तीन आठवडे मी एका टाचेपाशी अडले आहे.
टाच म्हणजे अजून नुसती जाळी :
एकेचाळीस हजार दाणे, कोपऱ्याला कोपरा धरून.
आत हाड, हाडाखाली चरबीची गादी, मग कातडी.
मधुमेह्यांच्या चपलेचं काम. तळवा रबराचा.

रबर मला येतं.
चार आकडे दिले की ऐकतं.
इथे दाबलं तर तिथे फुगेल,
आकार सोडेल, घनफळ सोडणार नाही,
पोळी लाटताना कडेला पळणाऱ्या पुरणासारखं.

मांसाचं तसं नाही.
दाबलं तर लगेच बसत नाही, सोडलं तर लगेच उठत नाही,
आणि गेल्या वाटेने परत येत नाही.
आलेखावर दोन रेषा, मध्ये पानाएवढी फट.
तेवढी ऊब कुठेतरी उडून गेलेली असते.

आकडे नव्हते.
परदेशी निबंधांतल्या टाचा आयुष्यभर मोज्यांत राहिलेल्या.
म्हणून रबाळ्याच्या टेस्टिंग लॅबमध्ये गेले, जोमाकाका भगतांकडे.
ते पट्टीत नख रोवून म्हणतात, साठ.
यंत्र म्हणतं, एकसष्ट.
नवी पट्टी ते आधी तीनदा ताणून घेतात :
"पयला ताण धरायचा नाय. त्याच्यानंतर जा उरतं, ता खरा रबर."

"काका, तुमची टाच द्याल?"
ते खोकला येईपर्यंत हसले.
"आमचे मिठागरावर टाच आयली, तवा कोनी इचारला नाय.
तू तरी इचारतंस."

बूट काढला.
भेगा, भेगांच्या कडा पांढऱ्या,
आठव्या वर्षापासून खाऱ्या चिखलात उभी असलेली टाच.
वीस किलो. चाळीस. "दुखलं तर सांगा."
ते यंत्राच्या काट्याकडे बघत होते,
दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसे.

रात्री ते आकडे भरले.
त्रेसष्ट टक्के भारावर गणित मोडलं :
आतल्या कडेचा एक दाणा उलटा झालेला,
घनफळ उणे.
मी नकाशा फिरवून पाहिला.
सगळ्यात खोल भेग होती, बरोबर तिथे.
जाळी बारीक केली. भार तोडून तोडून दिला,
डोक्यावर मिठाची पाटी असलेलं पोर बांधावरून चालतं
तेवढ्या लहान पावलांनी.

पहाटे चारला सुटलं.
भार काढला. टाच वर आली,
पूर्ण नाही. पाऊण मिलिमीटर खालीच राहिली.
चूक असेल म्हणून दोनदा पुन्हा चालवलं.
दोन्ही वेळा पाऊण.
अहवालात त्या रकान्याला नाव द्यायचं होतं.
'शिल्लक' लिहिलं, खोडलं, परत तेच लिहिलं.

सकाळी काकांना फोन केला, आकडा सांगितला.
ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.
मागे यंत्राची घरघर.
मग म्हणाले,
"आठ नंबर पाय माजा.
पट्टा जरा सैल ठेव."