अळकुडी

मंडईत ती अळकुडीच्या ढिगापुढे उकिडवी बसलेली,
नारळाएवढी एक हवी म्हणून हातानं माप दाखवत,
आणि गाळेवाली म्हणत होती,
"एवढी होईस्तोवर जमिनीत कोण ठेवतंय, बाई?"
मी मध्ये पडले.
पुण्यात मध्ये पडायला कारण लागत नाही.

नाव अँड्री. मॉडेल कॉलनीत योग शिकते.
कुठली, विचारलं, तर "सायप्रस" म्हणायच्या आधी
तिनं एक श्वास घेतला.
तो श्वास माझ्या ओळखीचा.
"नागावकर, म्हणजे अलिबागकडच्या. मग सिपोरा कसं काय?"
असं कुणी विचारलं की मीही घेते तेवढाच,
सदुसष्ट वर्षं.

रविवारी दोघं आली रास्ता पेठेत.
(शनिवारी माझी शेगडी गार.
त्या एका गार शेगडीवरून कोकणात
आमचं नाव पडलं शनवार तेली.
नाव नेहमी दुसरेच ठेवतात.)
बरोबर दर्वीश, कॉम्प्युटर शिकणारा,
त्याच बेटाचा, तारेच्या पलीकडला.
इथे येईपर्यंत एकमेकांचं गाव
दोघांनी फक्त गच्चीवरून पाहिलेलं.

ती म्हणाली कोलोकासी. तो म्हणाला गोलोकास.
ती म्हणाली, यात डुक्कर घालतात.
"नको," मी आणि दर्वीश एकदम,
आणि मग तिघं इतकी हसलो
की खालच्या मजल्यावरचे चितळकर खोकले.
कोंबडी घातली, आमच्या हजाननं कापलेली.

मी नळाखाली धरायला गेले तर ती ओरडलीच:
धुवायची नाही. पुसायची.
कापायची नाही. सुरीचं टोक रुतवायचं आणि पिळायचं,
टक्.
तुकडा आपणहून मोडला पाहिजे.
दर्वीशनं मान हलवली. त्याची मावशीही अशीच.
"आणि चिंच?" मी विचारलं.
चिंच नाही. लिंबू.
"खाजेल," म्हटलं. कुणी ऐकलं नाही.

शिजेपर्यंत वाद.
अँड्रीचा काका म्हणतो, आपण ग्रीक,
सायप्रसी हा नुसता पत्ता.
दर्वीशचा आजोबा म्हणायचा, आपण तुर्क,
सायप्रसी हा नुसता पत्ता.
"मग हे काय आहे?" दर्वीशनं पळीनं दाखवलं,
"अंकारात भाजीवाल्यानं मला विचारलं, कशाचं मूळ हे?"
अथेन्सात मलाही, ती म्हणाली.
मग त्यालाच आठवलं, खाली मर्सीनकडे खातात म्हणे.
मी म्हटलं, पुण्यात तर लग्नात अळू वाढतात,
मग तुम्ही दोघं सदाशिव पेठी का?
कुणी हसलं नाही.
पत्त्याची थट्टा करू नये, हे मला कळायला हवं होतं.
माझा भाऊ इथे होता तोवर यहुदी,
अश्दोदला गेला तो हिंदी झाला,
फोनवर विचारतो, ताजं अळू मिळतं का गं अजून.

मी त्यांना सांगितलं, आमच्यात म्हणतात, अळवावरचं पाणी.
येतं, चमकतं, घरंगळतं.
दर्वीशनं ते वहीत टिपलं, खाली रेघ मारली.
बाबा मात्र म्हणायचे,
पाण्याचंच सगळे सांगतात,
पान कुठे जातं का कधी?

कॅम्पातल्याला गाव लाल देऊळ म्हणतं,
आमच्या इथल्याला बाबा मशीद म्हणायचे,
आत तोराह.
हे मी सांगितलं नाही. रस्सा उकळत होता.

जेवताना तिघांचेही घसे खाजले.
ती म्हणाली, मसाला. तो म्हणाला, पुण्याची हवा.
मी बोलले नाही,
चिंचेची वाटी पुढे सरकवली.

पुढच्या गुरुवारी गाळेवालीनं विचारलं,
"ती तुमची पाहुणी कुठली हो?"
मी श्वास घेतला, आणि सोडून दिला.
म्हटलं, अळकुडीवाल्यांतली.
"मग आमच्यातलीच की!"
तिनं दोन कंद जास्तीचे टाकले.
भाव कमी केला नाही.