अकरा हजार चारशे बाकी

काल रात्री बारा वाजता आमचा पहिला अल्बम आला.
एकोणीस वर्षं तो प्रतापनगरला एका कपाटात होता,
किरीटभाईंच्या उधारीच्या वह्यांखाली.
ते गेले. त्यांच्या मुलीचा फोन:
"तमारी एक डिस्क छे."
पैशांचं काही बोलली नाही.

लंच टायमात, दांडिया बाजारच्या शाखेमागे
स्कूटरवर बसून ऐकतोय.
तिसऱ्या गाण्यात शेजारच्या कुकरची शिट्टी.
ती काढा म्हणून सुहृद चार रात्री भांडला होता.
आता वाटतं, तेवढी एकच सुरात आहे.

पाचव्यात मी ओरडतो, जग जाळून टाकीन.
जळलं ते सोसायटीचं मीटर,
तेही तालमीत.

आणि प्रत्येक गाण्याआधी केतुल,
काड्या आपटत:
एक, बे, त्रण, चार.

त्याच्या दोन्ही कानांना आता यंत्रं आहेत,
ढोलाचा आवाज फाटल्यासारखा येतो म्हणे.
त्याला पाठवला.
संध्याकाळी उत्तर आलं,
"गणतरी बराबर छे ने?"

बरोबर आहे, लिहिलं.

सातव्यात मात्र
तू चार म्हणायच्या आतच
आम्ही सुटलो होतो,
हे नाही लिहिलं.