काचपट्टी

सकाळी सहाला मुजावर गच्चीवर चढतात,
व्हॅसलिन फासलेली काचपट्टी बदलतात.
पाषाणच्या तळ्यावर धुकं अजून उठलेलं नाही.
कालची पट्टी माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली:
पराग, टायरची काजळी, पाकोळीचा एक खवला
आणि लिंबाच्या आकाराचा, फिकट, एकटा
तो.
तंबाखूच्या पानामागे निळी बुरशी उगवतो, तोच.

कुठून आलास?
संगणक वारा उलटा चालवतो:
कात्रज, खंबाटकी, कराड.
निपाणीच्या अलीकडे रेघ फाटते, तीन होतात.
ढग असले तर जगला असशील,
ऊन असलं तर वाटेतच मेला असशील.
हे ‘असशील’ मला आकड्यात लिहायचंय.

मधल्या रेघेवर अक्काताई मगदूमांची रोपवाटिका.
फोनवर त्या: “टक्के नकोत बाई.
आज रात्री वाफे झाकू का नको?”

मुजावर दाराशी, तळहातावर तंबाखू, चुना.
मळतात, थाप मारतात.
भुकटी उडते, माझ्या नाकासमोर घुटमळते,
मग खिडकीऐवजी आत वळते.
“वारं फिरलं,” ते म्हणतात,
आणि चिमूट दाढेखाली.

मी लिहिते: झाका.
खोडते.
अक्काताई अजून फोनवरच आहेत,
त्यांच्याकडे कुठेतरी पत्रा वाजतोय.