डावीकडची सीट

रत्नागिरीहून निघालो तेव्हा दाजींच्या एका डोळ्यावर
हिरवी पट्टी होती, दुसऱ्यात मोतीबिंदू.
गुडघ्यांवर हात ठेवून ते पुढच्या सीटवर बसले,
नवख्या पाहुण्यासारखे.
"एकतीस वर्षं एस.टी. हाकली या रस्त्यांवर,
डावीकडे कधी बसलो नाय."

आरे-वारेच्या चढावर, मी काही बोलायच्या आत,
"सेकंड टाक."
टाकला. कड्याला वळसा पडला
आणि खाली दोन किनारे एकदम उघडले,
मध्ये एक टेकडी,
पाण्यात नाक घालून बसलेल्या म्हशीसारखी.
वाऱ्याला पाठ देऊन वाकलेले सुरू.
वाळूवर खेकड्यांनी रात्रभर काढलेल्या गोळ्यांची नक्षी
लाट मिटवत होती, सगळी नाही, अर्धीच.
दाजी समोर बघत होते. रस्त्याकडे.

"समुद्र शब्बीरने बघितला," ते म्हणाले.
शब्बीर सोलकर, कंडक्टर.
तिकिटं फाडून झाली की पुढे येऊन सांगायचा:
आज हिरवा आहे, दाजी.
आज मचवे लांब गेलेत.
आज गादे उड्या मारतायत, तीन.
"मी म्हणायचो, बेल मार."

मालगुंडच्या पुढे आंब्याला मोहोर,
काच खाली केली तर घशात उतरणारा.
जयगडच्या जेट्टीवर ओहोटी.
तिवरांची मुळं चिखलातून वर आलेली,
बोटं मोजत बसल्यासारखी,
आणि त्यांच्यामध्ये एक बगळा,
पाय उचलून विसरलेला.
फेरीबोटीमागे कुरवांचा थवा चिरकत आला,
खाडीच्या मध्यावर आमचा नाद सोडून
एका होडीमागे गेला.
दाजींनी कान तिकडे वळवला. "बोंबील असणार तिच्यात."

तवसाळवरून वर चढलो की सडा.
पावसाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते फुलांमुळे;
आता जानेवारी, वाळकं गवत,
आणि गवतातून वर आलेला कातळ,
जळक्या भाकरीसारखा काळा.
एक टिटवी गाडीच्या पुढे पुढे धावली
आणि उगाच आमच्यावर ओरडली.
दूर सुरूच्या शेंड्यावर समुद्रगरुड,
पंजात काहीतरी लोंबणारं.
साप, मी म्हटलं.
"शेपूट चपटी असेल तर समुद्रातला," दाजी म्हणाले,
"सांग, चपटी आहे?"
मला दिसली नव्हती.

वेळणेश्वराच्या वरच्या वळणाला
गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं.
दाजी उतरले, एक हात दारावर,
दुसरा हवेत, पट्टीच्या डोळ्यावर धरलेला.
"कसा आहे?"
घाई होती मला. पालशेतला जेवायला थांबले होते सगळे.
म्हटलं, हिरवा आहे, दाजी.

"जानेवारीत, या उन्हात, ओहोटीला?" दाजी म्हणाले,
"शब्बीर पण एवढं खोटं बोलला नाय कधी."

मग मी बघितलं.
काठाशी पाणी गढूळ, ताकासारखं पातळ,
खाली वाळू हललेली दिसते.
त्याच्या पलीकडे एक पट्टा, उघड्या शिंपल्याच्या आतला,
ढगाची सावली सरकली की राखेचा होणारा.
मग खडक, ज्यावर लाट फुटत नाही,
नुसती चढते आणि ओघळते.
आणि अगदी शेवटी, जिथे डोळा थकतो, तिथे
पाटीसारखा, पुसून ठेवलेला.
मचवे नाहीत.
गादे, सांगता येत नाही, थांबा,
एक.

दाजी काही बोलले नाहीत.
दार त्यांनीच लावलं,
आणि बसल्या बसल्या डॅशबोर्डवर
दोनदा बोटाने टकटक केलं.