कुटाइसी, पहाटे पावणेचार

फोनवर ती आधी पत्ता सांगत नाही, पीठ सांगते.
"अकराला मळून ठेवलंय. चार काथवटी.
ते थांबायचं नाही, ऐकताय ना?"
मग गल्ली. मग रिओनीच्या पुलापासून तिसरं दार, हिरवं.
अगदी शेवटी नाव: त्सिआला.

मी पोचलो तेव्हा ती पायरीवर उभी,
एका हातात किल्लीचा मागचा अर्धा तुकडा,
दाढेतून निघालेला दात धरावा तसा.
पुढचा अर्धा कुलपात.
"थंडीनं मोडली," ती म्हणाली.
थंडीनं नाही मोडत. पितळ आधीच दमलेलं असतं,
थंडी फक्त निमित्ताला येते.
पण हे पहाटे पावणेचारला कुणाला सांगायचं नसतं.

विजेरी काचेवर टेकवली.
आत, काळोखात, काथवटींवरची फडकी
पोटुशी झाल्यासारखी वर आलेली.
एकीचं तर घसरलंच होतं.

पेटी उघडायच्या आधी मी विचारलं
जे मी सगळ्यांना विचारतो:
"दुकान तुमचंच कशावरून?"
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की भट्टी आधीच पेटली असावी.
"कागद आत आहेत. बिस्किटांच्या डब्यात."
सगळ्यांचे कागद आतच असतात.

बारा वर्षांपूर्वी एका गोड बोलणाऱ्याला
मी एक दार उघडून दिलं होतं. चांगला कोट, चांगली भाषा.
सकाळी वालिको चांभार त्याच दाराशी बसलेला,
आत फक्त एक लाकडी साचा उरलेला, डाव्या पायाचा.
त्यानं मला शिवी दिली नाही.
दिली असती तर बरं झालं असतं.

"मग कागदात नसलेलं काही सांगा," मी म्हणालो.
ती थांबली. नाकातून वाफ.
"दिव्याचं बटण उलटं बसलंय.
खाली केलं की लागतो.
नवऱ्यानं बसवलं होतं. म्हणायचा, उद्या सरळ करतो."
पुढे ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

करवतीचं पातं घासून घासून केलेली माझी एक पट्टी आहे,
गवताच्या पात्याहून जराशी जाड, टोकाला एकच दात.
ग्राफाइटची चिमूट फुंकली. पट्टी आत सरकवली.
असल्या वेळी कान बोटात येतात.
मागे ती मोठ्यानं हिशेब करत होती:
इस्पितळाचे साठ, शाळेचे चाळीस,
"आणि म्हातारा ओतिया, तो सहालाच येतो, त्याला झोप नाही."
तुकडा हलला. अडला. पुन्हा हलला.
मग निघाला, एवढासा, कोमट
माझ्याच बोटांनी कोमट झालेला.

कुलूप फिरवलं. दार ढकललं.
पण तिच्या आधी मी हात आत घातला,
भिंत चाचपली, बटण सापडलं,
खाली दाबलं.

उजेड.

तिनं आभार मानले नाहीत, त्याला वेळ नव्हता.
बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत पिठात घुसली.
फुगलेलं सगळं एक उसासा टाकून खाली बसलं.
"अर्धं आंबट होणार," ती म्हणाली, मला नाही, पिठाला.
मी दोन तुकडे जोडून, कानशीनं खाचा उतरवत
नवी किल्ली केली, जुनीपेक्षा जाड.
चाळीस लारी सांगितले. तिनं पस्तीस दिले
आणि पहिली भाजलेली शोती, होडीसारखी,
दोन्ही टोकांना जळलेली.

घरी आलो तर लामारानं आतून कडी घातलेली.
खांद्यावरच्या पेटीत गावातलं कुठलंही दार उघडेल एवढं सामान.
मी ती खाली ठेवली. बोटानं वाजवलं.
"कोण?"
गावभर पुरावे मागत हिंडणारा मी,
काखेत गरम भाकर,
"मी," म्हणालो.
आतून चपला घासत आल्या.
तिनं आणखी काही विचारलं नाही.