पेरे

वेल्कमच्या सोन्याच्या खाणीत अकरा वर्षं काढली
आणि घरी आणला एक रेडिओ, दोन जाड ब्लँकेटं
आणि खोकला.
रेडिओ बंद पडला. ब्लँकेटांत मुलगी वाढली.
केनेउए. आमच्या भाषेत अर्थ होतो,
मला दिलं गेलंय.

तीन आठवडे तिचं डोकं दुखत होतं.
शाळेतल्या बाई म्हणाल्या, बहाणे.
मीही तेच म्हणालो, हे लिहून ठेवा.
मग एका सकाळी लापशीचा चमचा
उजव्या हातातून गळला,
आणि हात तसाच पडून राहिला ताटाशेजारी,
कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

डोंगर उतरायला घोड्यावरून चार तास. वर बर्फ.
मोखोटलाँगला पाठीतून पाणी काढलं,
मासेरूला यंत्रात घातलं.
डॉक्टरीण काळ्या फिल्मवर बोट फिरवत होती:
टीबी मेंदूच्या आवरणात गेला,
तळाशी चिकट, घट्ट काहीतरी साचलं,
त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या,
एवढा भाग रक्तावाचून गेला.
समजलं का?

मला नाही समजणार तर कुणाला, बाई.
छत बसलं की बोगदा बंद.
पलीकडून दोन दिवस ठोकल्याचा आवाज येतो,
मग येत नाही.
खणतो आम्ही तरी.

गोळ्यांनी ताप उतरला. लघवी नारिंगी झाली
तेव्हा ती हसली, अर्ध्या तोंडाने.
शब्द सगळे गेले होते. एक उरला, पेरे.
पेरे म्हणजे घोडा.
पाणी हवं, पेरे. आई कुठंय, पेरे.
गोळ्यांचं पाकीट दिसलं की
पेरे! पेरे! मान फिरवून, दात आवळून.
तिची आई या एका शब्दाचे
सतरा सूर ओळखते. मी सहा.

माझाही बेडका तपासला. सापडायचं ते सापडलं.
आता सकाळी दोघं एका बाकावर बसून गिळतो,
ती तिच्या, मी माझ्या.
कुणी कुणाला काय दिलं, ते घरात कुणी काढत नाही.

काल रात्री तिनं डावा हात माझ्या छातीवर ठेवला,
श्वास घेताना जिथे घरघरतं तिथे.
मग कान लावला. बराच वेळ.
पेरे?

हो, म्हटलं. आहे आत.
थकलाय. उभ्यानेच झोपलाय.